पडताळणी केलेल्या कंत्राटदाराच्या सदोष कामाबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
गृहनूतनीकरण सेवा विभाग

दिनांक : २४ जून २०२५

विषय : बाथरूमच्या नूतनीकरणातील सदोष वॉटरप्रूफिंग, खोटा तपासणी अहवाल आणि कंत्राटदाराच्या पडताळणीतील हलगर्जीपणा याबाबत.

महोदय / महोदया,

आपल्या कंपनीच्या ॲपवरून मी जानेवारी २०२५ मध्ये कोथरूड, पुणे येथील माझ्या सदनिकेतील दोन्ही बाथरूमच्या नूतनीकरणाचे काम नोंदवले होते. जुन्या फरशा फोडून राडारोडा हलवणे, वॉटरप्रूफिंग, नळाच्या नव्या लाइन टाकणे आणि टाइल्स बसवणे हे सर्व त्यात होते. कामाचे २,९०,००० रुपये, त्यावर १८ टक्के दराने जीएसटीचे ५२,२०० रुपये आणि शिवाय ‘पडताळणी व देखरेख’ या नावाखाली आपल्या कंपनीचे ६,५०० रुपये सेवाशुल्क, असे सगळे पैसे मी ठरलेल्या हप्त्यांत चुकते केले आहेत. असे असूनही मे महिन्यापासून मोठ्या बाथरूमचे पाणी खालच्या सदनिकेत झिरपत आहे आणि त्यावर आपल्या ग्राहक सेवा विभागाने ७ जून रोजी दिलेले उत्तर मला मान्य नाही.

आधी कामाविषयी. खालच्या सदनिकेच्या छताला, बरोबर आमच्या नहाणी ट्रॅपच्या खाली, ओलीचे मोठे वर्तुळ उमटले असून तेथील गिलाव्याचे पोपडे पडत आहेत. वर आमच्याकडे जमिनीचा उतार उलटा झाल्यामुळे पाणी ट्रॅपकडे न जाता बेसिनखालच्या कोपऱ्यात साठते, आणि त्या कोपऱ्यातील टाइल्स नाण्याने वाजवून पाहिल्या तर पोकळ आवाज येतो. सोसायटीच्या सांगण्यावरून मी दुसऱ्या एका जाणकार प्लंबरला बोलावले व त्याने सोसायटीच्या सचिवांसमोर ट्रॅपजवळची एक टाइल काढून पाहिली. वॉटरप्रूफिंगचा लेप भिंतीवर निदान फूटभर चढवायचा असतो. इथे तो जमिनीच्या कडेलाच थांबवलेला आहे. ट्रॅपचा पाइप स्लॅबमधून जिथे खाली उतरतो, तिथली फट तर साध्या सिमेंटने लिंपून टाकली आहे. या सर्वाची छायाचित्रे सोबत जोडली आहेत.

निकृष्ट काम एखाद्या गवंड्याच्या हातून होऊ शकते, हे मी समजू शकते. आपल्या कंपनीच्या तपासणी अहवालाचे मात्र कोणतेही समर्थन होऊ शकत नाही. वॉटरप्रूफिंग झाल्यावर बाथरूममध्ये पाणी भरून ते किमान ४८ तास तसेच ठेवायचे, खाली ओल येते का ते पाहायचे आणि मगच टाइल्सला हात लावायचा, ही या कामातली अगदी प्राथमिक रीत आहे. आपल्या पर्यवेक्षकांच्या अहवालात ही चाचणी १२ फेब्रुवारीला सुरू होऊन १४ फेब्रुवारीला समाधानकारकरीत्या पूर्ण झाल्याचे लिहिले आहे. पण त्याच बाथरूमचे जे छायाचित्र मिस्त्रीने स्वतःच मला १३ फेब्रुवारीच्या दुपारी व्हॉट्सॲपवर पाठवले, त्यात निम्म्या जमिनीवर टाइल्स बसलेल्या दिसतात. पाण्याखाली टाइल्स बसवण्याची विद्या या कंत्राटदाराला अवगत असेल असे वाटत नाही. सोसायटीच्या प्रवेशद्वारावरील नोंदवहीतही त्या तीन दिवसांत आपल्या कंपनीचा कोणी माणूस आल्याची नोंद नाही. अहवाल ‘समाधानकारक’ असल्यामुळेच राखून ठेवलेला २० टक्क्यांचा शेवटचा हप्ता, म्हणजे ६८,४४० रुपये, ॲपवरून कंत्राटदाराला दिला गेला, हे विशेष नमूद करते. माझ्या हातात असलेली एकमेव पकड या खोट्या अहवालाने सोडवून घेतली.

आता पडताळणीविषयी. कंत्राटदाराच्या नावापुढे आपल्या ॲपवर हिरवी खूण होती आणि ‘ओळख, पत्ता व व्यवसाय नोंदणी तपासलेली’ असे स्पष्ट लिहिले होते. तक्रार सुरू झाल्यावर मी त्याच्या बिलावरील जीएसटी क्रमांक जीएसटीच्या सरकारी संकेतस्थळावर टाकून पाहिला. महाराष्ट्रातील नोंदणीचा क्रमांक २७ ने सुरू होतो. हा क्रमांक २४ ने, म्हणजे गुजरातच्या संकेतांकाने सुरू होणारा निघाला, आणि ती नोंदणी २०२३ मध्येच रद्द झालेली आहे. मग माझ्याकडून कर म्हणून घेतलेले ५२,२०० रुपये कोणाच्या खिशात गेले? प्रोफाइलवरील पत्त्यावर सध्या दुसऱ्याच कोणाचे दुकान आहे. जी गोष्ट सामान्य ग्राहकाला मोबाइलवर पाहता पाहता कळते, ती पडताळणीचे पैसे घेणाऱ्या कंपनीला कळू नये, याचा अर्थ पडताळणी झालीच नाही, असाच मी घेते.

आपल्या ७ जूनच्या उत्तरात ‘कंपनी केवळ मध्यस्थ असून करार ग्राहक व कंत्राटदार यांच्यात आहे’ असे म्हटले आहे आणि सद्भावना म्हणून पुढील कामावर १० टक्के सवलतीचे कूपन देऊ केले आहे. कूपन मी साभार परत करीत आहे. या कंत्राटदाराला मी शोधलेले नाही. तो आपण नेमून दिला. ओळखीतल्या मिस्त्रीला काम न देता मी आपल्याकडे आले ते केवळ हिरव्या खुणेवर विसंबून, आणि त्या खुणेचे वेगळे पैसेही मोजले. जी सेवा विकली तिची जबाबदारी विकणाऱ्याचीच असते.

तरी माझी मागणी अशी की, माझ्या संमतीने नेमलेल्या स्वतंत्र जाणकाराच्या देखरेखीखाली मोठ्या बाथरूमचे वॉटरप्रूफिंग व टाइल्सचे काम कंपनीने स्वखर्चाने मुळापासून पुन्हा करून द्यावे, पाणी भरून चाचणी माझ्या व सोसायटीच्या प्रतिनिधीसमोर व्हावी आणि खालच्या सदनिकेच्या छताची दुरुस्ती व रंगकामही त्यातच धरावे. करापोटी घेतलेली रक्कम आणि सेवाशुल्क, असे ५८,७०० रुपये परत मिळावेत. कंत्राटदाराची पडताळणी कोणी, कधी व कोणत्या कागदपत्रांवरून केली त्याची माहिती लेखी द्यावी, आणि चौकशी पूर्ण होईपर्यंत त्याच्या नावापुढील खूण काढून टाकावी, कारण आजही ती तशीच झळकत आहे व आणखी कोणीतरी तिच्यावर विसंबत असणार.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे या तक्रारीची पोच ४८ तासांत देणे व एक महिन्यात तिचे निवारण करणे आपल्यावर बंधनकारक आहे. तसे न झाल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये सेवेतील त्रुटी व अनुचित व्यापारी प्रथा या कारणांसाठी मी पुणे येथील जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदार जिथे राहतो तिथेच दावा दाखल करण्याची मुभा कायद्याने दिलेली असल्यामुळे आपले मुख्यालय अन्य राज्यात असण्याने काही फरक पडत नाही.

मोठे बाथरूम सध्या वापरासाठी बंद ठेवले असून काढलेली टाइल व उघडा भाग जसाच्या तसा राखला आहे. पाहणीसाठी यायचे असल्यास एक दिवस आधी लेखी कळवावे, म्हणजे सोसायटीच्या सचिवांना आणि खालच्या सदनिकाधारकांना त्या वेळी हजर राहता येईल. पाहणीस कंत्राटदाराला एकट्याला पाठवू नये. त्याला आत घेतले जाणार नाही.

कळावे,

आपली,
तक्रारदार ग्राहक
कोथरूड, पुणे