चुकलेले मूल पुढे नेऊ नका

मा. संपादक,
स. न.

विसर्जन मिरवणूक तोंडावर आली की ‘पालकांनी मुलांकडे लक्ष द्यावे’ हे आवाहन दरवर्षी वाचतो. लक्ष कोण देत नाही? नाशिकच्या मेनरोडवर आमचे कापडाचे दुकान आहे. मिरवणूक अगदी ओट्याला घासून जाते आणि चुकलेली मुले लोक याच ओट्यावर आणून बसवतात. वर्षानुवर्षे हे पाहतो आहे. त्यातल्या एकाचेही आईबाप मला निष्काळजी वाटले नाहीत. डोळ्यात गेलेला गुलाल पुसायला बापाने हात सोडला, एवढेच पुरते.

गेल्या वर्षी संध्याकाळी साताच्या सुमारास नऊवारी नेसवलेली चार-पाच वर्षांची एक मुलगी अशीच आली. नाव काय? ‘तायडी.’ पप्पांचे नाव? ‘पप्पा.’ ती चुकली होती बादशाही कॉर्नरला. एका भल्या माणसाने तिला उचलले, आणि गर्दी ज्या दिशेने चालली होती त्याच दिशेने तो गाडगे महाराज पुतळ्यावरून आमच्यापर्यंत आला. बाप मात्र उलटा, भद्रकालीकडे शोधत गेलेला. जवळच्या स्वागत मंडपातून तिचे वर्णन पुकारले, पण ढोल सुरू असताना दहा पावलांवरही काही ऐकू जात नाही. मोबाइल तर त्या संध्याकाळी लागतच नाहीत. वर्णन ऐकून एक तरुण आला, म्हणाला, ‘मी काका.’ पोरगी त्याच्याकडे बघेना. शेवटी तिची आई आली तेव्हा कळले, तो खरेच काका होता, फक्त मुंबईचा, वर्षातून एकदा येणारा. पण तो तसा नसता तर? आम्ही पाच जण होतो आणि खात्री कशी करायची हे एकालाही सुचले नव्हते.

तेव्हापासून माझे मत झाले आहे की मूल हरवल्यावर भली माणसे त्याला हलवतात, आणि तिथेच शोध लांबतो. वाकडी बारवपासून रामकुंडापर्यंत मिरवणुकीला एकच दिशा आहे. उचललेले मूल पुढे जाते आणि आईबाप मागे शोधतात. म्हणून मूल सापडेल तिथेच, बाजूच्या ओट्यावर किंवा पायरीवर, त्याच्यासोबत थांबावे. एकाने थांबावे, दुसऱ्याने पोलिसाला बोलवावे. फोन लागलाच तर ११२ आहे, मुलांसाठीची १०९८ आहे. लाउडस्पीकरवर मुलाचे नाव आणि कपडे सांगू नयेत. ‘एक मूल अमुक ठिकाणी आहे’ एवढेच सांगावे आणि नाव, कपडे, खूण न्यायला येणाऱ्याला विचारावे. तसेही पांढरा कुर्ता आणि भगवा फेटा या वर्णनाची त्या दिवशी शंभर पोरे असतात.

खिशात चिठ्ठी ठेवा म्हणतात. सणाच्या कुर्त्याला खिसा नसतो हे कापडवाल्याला विचारा! दंडाच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मोबाइल नंबर लिहावा, वर पारदर्शक चिकटपट्टी लावावी, म्हणजे घामाने आणि गुलालाने पुसला जात नाही. नाव मात्र लिहू नये. नावाने हाक मारणारा माणूस मुलाला आपलाच वाटतो. घरातून निघताना त्याच दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो काढावा.

चार वर्षांचे पोर मोठ्यांच्या कमरेएवढे. त्याला दिसतात फक्त पाय. एका चौरस मीटरमध्ये पाच-सहा माणसे झाली की मोठा माणूससुद्धा आपल्या पायाने चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. मेनरोडवर साउंडची ट्रॉली आली की अर्धा रस्ता तिचा, उरलेल्या अर्ध्यात बघे, आणि त्यांच्या पाठीला बंद शटर. यात आम्ही दुकानदारही दोषी आहोत. काचा फुटतील म्हणून दुपारीच शटर ओढतो आणि आडोशाची जागा काढून घेतो. खांद्यावर बसवलेले पोर चिरडत नाही हे खरे, पण लेझरचा झोत आणि स्पीकरची भिंत थेट त्याच्या तोंडासमोर येते. बाबागाडी तर घरीच ठेवावी.

प्रयागला माघ मेळ्यात, कुंभात ‘भुले-भटके शिबिर’ १९४६ पासून चालते. चुकलेल्या माणसाला आणि शोधणाऱ्याला दोघांनाही एकच ठिकाण माहीत असते, एवढीच त्यातली युक्ती. आपल्याकडे तसे का नसावे? गाडगे महाराज पुतळा, धुमाळ पॉइंट, अशोक स्तंभ, रविवार कारंजा, मालेगाव स्टँड अशा पाच जागी उंच काठीला पिवळा झेंडा आणि दिवा, खाली एक महिला पोलीस, दोन कार्यकर्ते, आणि पाचही ठिकाणे वायरलेसने जोडलेली. ओट्यावर थांबवलेल्या मुलाला न्यायला तिथलाच माणूस येईल आणि मुलाला मागच्या झेंड्याकडे नेईल, पुढच्या नव्हे. मंडळांना वर्गणीतून पाच झेंडे जड नाहीत.

२०२७ मध्ये सिंहस्थ कुंभमेळ्याची अमृतस्नाने याच रामकुंडावर आहेत. २७ ऑगस्ट २००३ ला सरदार चौकाच्या उतारावर काय झाले ते जुन्या नाशिककरांना सांगायला नको. कुंभातल्या त्या चेंगराचेंगरीत तीसहून अधिक भाविक गेले. विसर्जन मिरवणुकीची गर्दी त्यामानाने घरची, म्हणून सवय इथेच करून घ्यावी.

आपल्याला एक विनंती. मिरवणुकीच्या आदल्या दिवशी आपण बंद रस्ते आणि पार्किंग यांचा नकाशा छापता. प्रशासनाने या पाच जागा नक्की केल्या तर त्याच नकाशावर पाच पिवळे ठिपके टाकावेत. नाही केल्या तर, निदान आमच्या दुकानाचे शटर यंदा अर्धे वर राहील. आत पाण्याची घागर आणि एक स्टूल असेल.

आपला,
एक कापड दुकानदार
मेनरोड, नाशिक