गोणी द्या, दाभण द्या, जुना नकाशा असला तर तोही द्या

नगर परिषदेच्या पाणीपुरवठा समितीचं नागरिकांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

पाणीपट्टीचा विषय गेल्या सर्वसाधारण सभेत पुन्हा तहकूब झाला. दर वाढवावेत की नाही यावर सभागृहात दोन तट आहेत. दोन्हीकडची माणसं संध्याकाळी एकाच टपरीवर चहा पितात, म्हणून प्रकरण अजून हातघाईवर आलेलं नाही. निर्णय पुढच्या सभेत होईल. त्याआधी समितीला तुमच्याकडे काही मागायचं आहे.

आपल्या नळाचं पाणी शहरातलं नाही. खाडीकाठच्या विहिरी शिमगा आला की मचूळ लागतात. किनाऱ्यालगत गोड्या पाण्याचा उपसा वाढला की खारं पाणी जमिनीखालून आत सरकतं, आणि एकदा खारावलेली बाव एका पावसाळ्यानं गोडी होत नाही. म्हणून आपली जॅकवेल, म्हणजे पंपानं पाणी उपसायची विहीर, नदीवर, शहराच्या हद्दीबाहेर. तिथून पाणी टेकडीवरच्या टाकीत चढवायचं, मग उतारानं घरोघर. हजार लिटर पाणी साठ मीटर चढवायला, पंपात वाया जाते ती धरून, पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. माणशी १३५ लिटर हे मोठ्या शहराचं माप धरलं, तरी पाच माणसांच्या घराला महिन्याला वीस हजार लिटर, म्हणजे साडेपाच युनिटं. हा हिशेब ऐकून एक सदस्य म्हणाले, "एवढंच?" एवढंच. पण वाटेत गळलेलं पाणीही तितकीच वीज खाऊन गळलेलं असतं. तुरटी, ब्लिचिंग, व्हॉल्व्हमनचे पगार आणि दर पावसाळ्यात फुटणारी जुनी लाइन, हा खर्च वेगळा.

खरी अडचण मे महिन्याची आहे. घरगुती जोडणीला आपल्याकडे वर्षाची ठोक पट्टी आहे. चाकरमानी विचारतात, दहा महिने घराला कुलूप, मग पूर्ण पट्टी कशाला? प्रश्न वाजवी वाटतो. गणपतीला ते येतात तेव्हा नदी भरलेली असते, त्याचं काही वाटत नाही. पण मे महिन्यात तेच पोराबाळांसकट येतात, कुलपं एकदम उघडतात, लॉज भरतात, लग्नाच्या पंगती उठतात, आणि नदीत मात्र डबकी उरलेली असतात. पंप किती मोठा, टाकी किती मोठी, हे त्या तीन-चार आठवड्यांवर ठरतं, नि ते वर्षभर सांभाळावं लागतं. उलट बाजूला एकटी राहणारी आजी दोन कळश्या भरते, आणि शेजारचा घरगुती जोडणीवरच चार खोल्या पर्यटकांना देतो. दोघांना पट्टी सारखीच! समितीचं मत मीटरच्या बाजूचं आहे, ते लपवण्यात अर्थ नाही. वसुलीचा मुद्दा निराळा. थकबाकीदारांच्या यादीत कोण कोण आहे ते सर्वांना ठाऊक आहे.

मात्र मीटर लावून पाणी वाढत नाही. आपल्याकडे ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पण जांभा दगड चाळणीसारखा, डोंगर समुद्राला खेटून, त्यामुळे सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारावर, पडलेलं पाणी बघता बघता खाडीत जातं. ते अडवायचं तर वरच्या वाड्यांतल्या वहाळांवर (ओढ्यांवर), जिथं आपल्या नगर परिषदेचं काहीच चालत नाही. तिथली जमीन कशासाठी वापरायची हे प्रादेशिक योजना ठरवते. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारनं कोकण किनाऱ्यावरच्या १,६३५ गावांसाठी सिडको या सरकारी कंपनीला विशेष नियोजन प्राधिकरण, म्हणजे तिथलं नियोजन करणारी यंत्रणा, नेमलं, तेव्हा आपल्यातल्या बऱ्याच जणांनी 'हा गावांचा प्रश्न' म्हणून कानाडोळा केला. आपला नळ कुठून सुरू होतो हे तेव्हा आठवलं असतं तर बरं झालं असतं.

महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम १४ नुसार प्रादेशिक योजनेत पाणीपुरवठा आणि नैसर्गिक संपत्तीचं रक्षण हे विषय घेता येतात. प्रारूप योजना प्रसिद्ध झाली की हरकती-सूचनांसाठी किमान चार महिने मिळतात. चार महिने पुष्कळ वाटतात, पण कुठला झरा बारमाही आणि कुठला दिवाळीत आटतो, हे त्या मुदतीत शोधायला निघालो तर उन्हाळाच हाती लागणार नाही. म्हणून यादी आत्ताच करायची आहे. वरच्या गावांच्या ग्रामपंचायतींशी बोलणं सुरू आहे. त्यांचं म्हणणं असं की शहराला आमची आठवण फक्त मे महिन्यात येते. खोटं नाही.

तर मागणं हे. ज्यांच्याकडे विहिरी, पाट, पाणवठे दाखवणारे जुने गावनकाशे किंवा सातबारे असतील त्यांनी ते दाखवावेत, आम्ही प्रत काढून मूळ कागद तिथल्या तिथं परत देऊ. भूमी अभिलेख किंवा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेल्यांनी चार रविवार आमच्याबरोबर सड्यावर चालावं. बांधकामं चालू असलेल्यांनी सिमेंटच्या रिकाम्या गोणी फेकू नयेत. वहाळात अजून धार आहे तोवर गोणींचे कच्चे बंधारे घालायचे आहेत. त्याला गोणी, सुतळी, दाभणं, फावडी आणि टेंपो लागतील. मेअखेर या गोणी काढायलाही माणसं हवीत, नाहीतर पहिल्याच पावसात सगळं प्लॅस्टिक खाडीत आणि मग आपल्याच जाळ्यात.

रोख मदत फक्त नगर परिषदेच्या कार्यालयात, पावती घेऊन द्यावी. दारावर कोणी मागायला आलं तर देऊ नये. ही वर्गणी पाणीपट्टीत वळती होणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. मुंबईकरांना पैसे नकोत म्हणणार नाही, पण तुमच्या बंद घराच्या परसातली बाव उपसून साफ करू द्या, हे जास्त मोलाचं होईल. किल्ली कोणाकडे ठेवली आहे एवढं कळवा.

पहिलं श्रमदान भातकापणी उरकल्यावर येणाऱ्या पहिल्या रविवारी, सकाळी सात वाजता, जॅकवेलपाशी. पेज आणि लोणचं समितीकडून. वाडगा घरून आणावा.

आपले,
पाणीपुरवठा समितीचे सदस्य