4,83,000 रुपयांच्या गाडीचे 2,85,000 कसे झाले?

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
मोटार क्लेम विभाग

कोल्हापूर, दि. 9 फेब्रुवारी 2026

विषय: टोटल लॉस क्लेमची देऊ केलेली रक्कम अमान्य असल्याबाबत
(पॉलिसी व क्लेम क्रमांक सोबतच्या प्रतींवर आहेत.)

महोदय,

आपले 2 फेब्रुवारीचे पत्र मिळाले. माझ्या वॅगनआरच्या क्लेमपोटी 2,85,000 रुपये 'पूर्ण व अंतिम' म्हणून घ्यावेत आणि व्हाउचरवर सही करून पाठवावे, असे त्यात म्हटले आहे. व्हाउचर सही न करता परत जोडत आहे.

11 डिसेंबरला, गुरुवारी, संध्याकाळी सातच्या सुमारास मी शिरोली एमआयडीसीतून कामावरून घरी येत होतो. महामार्गावर वाहने तुंबलेली होती. ऊसतोडणीच्या दिवसांत हे रोजचेच. माझ्यापुढे दोन ट्रॉल्यांचा उसाचा ट्रॅक्टर थांबलेला, त्याच्यामागे मी हँडब्रेक ओढून उभा. मागून भरधाव आलेल्या टेम्पोने असा दणका दिला की गाडी सरळ ट्रॉलीखाली घुसली. बॉनेट सीटपर्यंत आले. उसाची कांडी समोरची काच फोडून आत आली आणि त्यातले एक शेजारच्या सीटवरच्या जेवणाच्या डब्याच्या पिशवीतून आरपार गेले. त्या सीटवर रोज माझी मुलगी असते, त्या दिवशी तिला क्लासला सुट्टी होती. पट्टा लावला होता म्हणून मी बरगड्यांना मुका मार लागण्यावर सुटलो. टेम्पोचालकावर भारतीय न्याय संहितेच्या कलम 281 खाली गुन्हा नोंद आहे आणि माझी गाडी थांबलेली होती, असे पंचनाम्यात स्पष्ट लिहिले आहे. चूक कोणाची, हा वाद आपणही घातलेला नाही. वाद पैशाचा आहे.

गाडी मी 2023 च्या पाडव्याला घेतली. 28 मार्च 2025 पासूनची चालू पॉलिसी देताना आपल्याच कार्यालयाने 6,90,000 या किमतीवर 30 टक्के घसारा कापून आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, 4,83,000 ठरवला. तो मी सांगितलेला नाही, आपण ठरवला आणि त्यावर हप्ता घेतला. गॅरेजचे दुरुस्तीचे एस्टिमेट 4,21,000 चे आले. दुरुस्तीचा खर्च आयडीव्हीच्या 75 टक्क्यांवर, म्हणजे 3,62,250 च्या वर गेला की टोटल लॉस, हा पॉलिसीतलाच नियम. आपल्या सर्व्हेअरनेही टोटल लॉसच लिहिले. म्हणजे 75 टक्के काढताना आपल्याला 4,83,000 मान्य होते. पैसे द्यायची वेळ आली तेव्हा पत्रात 'अपघाताच्या दिवशीचा बाजारभाव 3,74,000' असा नवा आकडा उगवला.

आपले म्हणणे असे की आयडीव्ही ही फक्त कमाल मर्यादा आहे. कृपया आयडीव्हीबद्दलचा परिच्छेद आपणच छापलेल्या पॉलिसीत शेवटपर्यंत वाचावा. टोटल लॉसच्या क्लेमसाठी पॉलिसीच्या पूर्ण मुदतीत आयडीव्ही हाच बाजारभाव धरला जाईल आणि त्यातून पुन्हा घसारा कापला जाणार नाही, असे तिथे आहे. वर्षभराचा घसारा मार्चमध्येच कापून झाला. तोच डिसेंबरमध्ये दुसऱ्यांदा कापायचा, हे कशात बसते? आमच्याकडे उसाच्या काट्यावरून भांडणे होतात, कारखान्याने काटा मारला म्हणून आंदोलने होतात. पण घेताना एक काटा आणि देताना दुसरा, असे उघड पत्रावर लिहून द्यायची हिंमत तिथेही कोणी करत नाही.

बाजारभावाचा पुरावा म्हणून आपण जुन्या गाड्यांच्या तीन जाहिराती जोडल्या आहेत. मी त्या नीट पाहिल्या. तिन्ही परजिल्ह्यातल्या. एक माझ्या गाडीपेक्षा एक वर्ष जुनी, दुसरीच्या वर्णनात 'तिसरा मालक' असे आहे. तिसऱ्या गाडीची नंबरप्लेट पिवळी आहे. ती टॅक्सी आहे, साहेब. माझी गाडी खासगी, मी पहिला मालक, 58,000 किलोमीटर चाललेली, सगळ्या सर्व्हिसिंगच्या नोंदींसह. जाहिराती निवडणाऱ्याने फोटो तरी उघडून पाहिले होते का, अशी शंका येते. अर्थात, जाहिराती चोख असत्या तरी काही बिघडत नव्हते, कारण मुळात बाजारभाव शोधत फिरण्याचे कारणच नाही.

आता सॅल्व्हेजकडे येतो. पॉलिसीप्रमाणे सांगाड्याची किंमत वजा होते, हे मला माहीत आहे आणि त्याला माझी ना नाही. पण आपण ती 88,000 धरली आहे. 3,74,000 मधून हे 88,000 आणि सक्तीचे 1,000 (प्रत्येक क्लेममध्ये मालकाने सोसायची रक्कम) कापून आपले 2,85,000 झाले. मी फौंड्रीत खरेदी पाहतो. भंगाराचा भाव मला रोज सकाळी चहाच्या आधी कळतो. साडेआठशे किलोच्या आसपासच्या या गाडीत भट्टीत जाण्याजोगे लोखंड आणि पत्रा सहाशे किलोही भरत नाही. आमच्या खरेदीच्या 35 रुपयांच्या भावाने त्याचे 21,000 होतात. इंजिनचा ब्लॉक तडकलेला आहे, गिअरबॉक्स सरकला आहे. टायर, मागची दोन दारे, बॅटरी, सीट अशी किडूकमिडूक धरून इथल्या दोन व्यापाऱ्यांनी जास्तीत जास्त 52,000 सांगितले, त्यांच्या कोटेशनच्या प्रती जोडल्या आहेत. 88,000 ची बोली म्हणे ऑनलाइन आली. ज्यांची आली, त्यांना आपण दिलेल्या नंबरवर मी सहा वेळा फोन केला. चारदा उचलला नाही. पाचव्यांदा उचलून 'मुदत संपली' म्हणाले, सहाव्यांदा पुन्हा उचलला नाही. जी बोली कोणी पाळत नाही, तिचे पैसे माझ्याकडून का कापायचे?

आपल्या कार्यालयातून फोन करणाऱ्यांनी मला असेही सुचवले की उरलेली रक्कम टेम्पोच्या विमा कंपनीकडून मिळवा. मी हप्ता आपल्याकडे भरला आहे. माझा क्लेम पूर्ण चुकता केल्यावर टेम्पोमालकाकडून वसुली करण्याचा हक्क आपल्याकडे येतो, त्यासाठी लागेल तिथे सही द्यायला मी तयार आहे. ते काम माझ्या गळ्यात घालू नये. त्याच फोनवर 'आठवड्यात सही नाही आली तर फाइल बंद होईल' असेही सांगितले गेले. हे लेखी द्या म्हटल्यावर फोन ठेवला गेला. इकडे गॅरेजवाल्याने 1 फेब्रुवारीपासून दिवसाला 200 रुपये जागाभाडे लावले आहे आणि नसलेल्या गाडीचा कर्जाचा हप्ता बँक दर महिन्याच्या 5 तारखेला कापतेच आहे. माझी काडीची चूक नसताना 25 टक्के एनसीबी (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) गेला, तो वेगळाच.

माझी मागणी साधी आहे. सांगाडा आपण ताब्यात घ्यावा आणि 4,83,000 मधून सक्तीचे 1,000 वजा करून 4,82,000 द्यावेत. किंवा आपल्या बोलीदाराने 88,000 माझ्या खात्यावर जमा करून सांगाडा न्यावा आणि आपण 3,94,000 द्यावेत. दोन्हींत माझ्या हाती तेवढेच येतात, आपल्याला सोयीचे असेल ते करावे. दिरंगाईच्या काळातले जागाभाडे आपण सोसावे. सर्व्हे रिपोर्टची प्रत मी जानेवारीत दोनदा मागितली, ती या उत्तरासोबत मिळावी.

हीच तक्रार आज विमा नियामकाच्या बिमा भरोसा पोर्टलवरही नोंदवली आहे. महिन्याभरात समाधानकारक उत्तर आले नाही तर पुण्याच्या विमा लोकपालांकडे जाईन. तिथे शुल्क लागत नाही आणि वकीलही लागत नाही. तिथे निभावले नाही तर कोल्हापूरचा जिल्हा ग्राहक आयोग माझ्या घरापासून लांब नाही.

सोबत पॉलिसी, आपले पत्र, पंचनामा, एस्टिमेट, दोन कोटेशने, फोनच्या नोंदी आणि गाडीचे फोटो जोडले आहेत. डब्याच्या पिशवीचाही एक फोटो आहे, तो क्लेमसाठी नाही, नुसता बघायला.

बोलीदाराला सांगाडा न्यायचा असेल तर गॅरेज सकाळी दहाला उघडते. किल्ली माझ्याकडे आहे, आदल्या दिवशी कळवावे.

आपला,
पॉलिसीधारक
राजारामपुरी, कोल्हापूर