पेटंट विकायची तर विकणारा माणूस नेमा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

विद्यापीठांनी आणि सरकारी प्रयोगशाळांनी आपापली पेटंट विकावीत, निदान त्यांच्यावर झालेला खर्च तरी भरून काढावा, असा आग्रह हल्ली वरचेवर कानावर येतो. अनुदान किती दिवस पुरवायचे, हा प्रश्न रास्तच आहे. पण अभियांत्रिकी महाविद्यालयात उभी हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला त्यावर एवढेच विचारावेसे वाटते : विकायचे ते नेमके काय, आणि विकणार कोण?

काय विकायचे, याचे उत्तर प्राध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर पडलेले असते. 'आयओटीवर (इंटरनेटला जोडलेल्या उपकरणांच्या तंत्रावर) चालणारी स्मार्ट कचराकुंडी. पहिले दुसरे नाव गेले, तिसरे आणि पाचवे शिल्लक. महिन्याभरात प्रकाशन,' अशा थाटाचे निरोप येतात, खाली दरपत्रक. एकमेकांचे तोंडही न पाहिलेले पाच-सहा जण एकाच यंत्राचे 'संशोधक' होतात आणि ते यंत्र कुणीच बनवलेले नसते. म्हणजे हक्कांचा धंदा आपल्याकडे जोरात चालू आहे. फक्त त्यात शोधाऐवजी शोधकर्त्याची जागा विकली जाते आणि गल्ला एजंटाकडे जमा होतो. कित्येकदा तर ते पेटंटही नसते. ब्रिटनमध्ये वस्तूच्या नुसत्या दिसण्याची 'डिझाइन' म्हणून केलेली नोंदणी असते, आणि तिथे नोंदणी करताना नावीन्य तपासलेच जात नाही. प्रमाणपत्र मात्र लॅमिनेट करून केबिनमध्ये लागते.

यामागचे गणित साधे आहे. भारतात पेटंटचा अर्ज एरवी अठरा महिन्यांनी प्रकाशित होतो. जादा शुल्क भरले की महिन्याभरात. प्रकाशित होणे म्हणजे मंजूर होणे नव्हे. अर्ज आल्याचे जाहीर झाले, इतकाच त्याचा अर्थ. तपासणीसाठी वेगळी विनंती करून वेगळे पैसे भरावे लागतात, आणि मुदतीत ते केले नाही तर अर्ज मागे घेतला असे धरले जाते. पण एनआयआरएफच्या, म्हणजे उच्च शिक्षण संस्थांच्या सरकारी क्रमवारीत मंजूर पेटंटबरोबर प्रकाशित अर्जांनाही गुण आहेत. मग तपासणीच्या भानगडीत पडायचे कशाला? अर्ज करा, प्रकाशित करून घ्या, गुण पदरात पाडा आणि अर्ज मरू द्या. २०२१ मध्ये शैक्षणिक संस्थांना शुल्कात ८० टक्के सवलत मिळाली. हेतू चांगला होता, पण या खेळाला ती फारच सोयीची पडली.

जी पेटंट खरोखर मंजूर होतात, त्यांचे मीटर पुढे चालूच राहते. पेटंटची मुदत वीस वर्षे, आणि तिसऱ्या वर्षापासून दर वर्षाचे नूतनीकरण शुल्क. सवलतीच्या दराने सुरुवातीची चार वर्षे ८०० रुपये, मग चार वर्षे २,४००, पुढची पाच ४,८०० आणि शेवटची पाच ८,०००. एकूण ७६,८०० रुपये. सवलत नसलेल्या मोठ्या अर्जदाराला हेच पाचपट. त्यात वकिलाची फी धरलेली नाही, आणि परदेशात अर्ज केला तर देशागणिक खर्च लाखांत जातो. गिऱ्हाईक नसलेले पेटंट जपत बसणे म्हणजे रिकाम्या गाळ्याची घरपट्टी भरत राहणे.

विकणार कोण, या प्रश्नावर सीएसआयआरचे, म्हणजे देशभर सरकारी प्रयोगशाळा चालवणाऱ्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे उदाहरण बोलके आहे. देशात तिच्याइतकी पेटंट क्वचितच कुणी घेतली असतील. त्यांतून पैसा उभा करण्यासाठी २०११ मध्ये पुण्यात सीएसआयआर-टेक नावाची कंपनी काढली गेली. काही वर्षांतच ती पैशांअभावी गुंडाळावी लागली. पेटंटवर कोट्यवधी रुपये खर्च होत होते आणि ती विकणाऱ्या कंपनीला चालवायला पैसे नव्हते! त्याच सुमारास सीएसआयआरचे तेव्हाचे महासंचालक गिरीश साहनी यांनीच आपल्याकडच्या बहुतेक पेटंटना 'बायोडेटा पेटंट' म्हटले होते. शास्त्रज्ञाचा बायोडेटा भरण्यासाठी घेतलेली, असा त्याचा अर्थ. इतके सडेतोड बोलणारा कुलगुरू मला अजून भेटायचा आहे.

आणि असे नाही की आपल्याला हे जमतच नाही. पुण्याच्याच राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेने, डॉ. माशेलकर संचालक असतानाच्या काळात, पॉलिकार्बोनेट या टणक प्लास्टिकवरचे आपले संशोधन थेट जनरल इलेक्ट्रिकसारख्या बलाढ्य कंपनीच्या गळी उतरवले होते. त्या कंपनीला नेमकी कशाची गरज आहे हे तिथे कुणीतरी ओळखले होते, अर्जांची संख्या मोजत बसले नव्हते.

अमेरिकेतले स्टॅनफर्ड विद्यापीठ या बाबतीत सगळेच तोंडपाठ सांगतात. कोहेन आणि बॉयर यांच्या जनुक-जोडणीच्या पेटंटने पंचवीस कोटी डॉलरच्या घरात कमाई केली, हे खरे. पण स्टॅनफर्डचे कोहेन सुरुवातीला पेटंट घ्यायला राजीच नव्हते, हे कुणी सांगत नाही. १९७४ मध्ये विद्यापीठाच्या परवाना कार्यालयातल्या नील्स रायमर्स यांनी त्या संशोधनाची बातमी वर्तमानपत्रात वाचली आणि ते कोहेन यांच्या मागे लागले. पुढे परवाना एकाच कंपनीला न देता मागेल त्याला परवडेल अशा शुल्कात दिला, म्हणून शेकडो कंपन्यांनी तो घेतला. आपल्या किती विद्यापीठांत अशा कामाचा एक तरी पगारी माणूस आहे? बहुतेक ठिकाणी 'आयपीआर सेल' (बौद्धिक संपदा हक्क कक्ष) म्हणजे आधीच परीक्षा विभाग सांभाळणाऱ्या एखाद्या सरांच्या गळ्यात मारलेली आणखी एक जबाबदारी. बाजारात कुणाला फोन करायचा हे त्यांना ठाऊक नसते, आणि तो त्यांचा दोषही नाही.

प्रत्येक संशोधनाने आपला खर्च स्वतः काढावा, हा हट्टही मला मान्य नाही. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने दिलेल्या डाळिंबाच्या 'भगवा' वाणाने आमच्या आटपाडीच्या आणि शेजारच्या सांगोल्याच्या माळरानावर किती संसार उभे केले, ते इकडे येऊन बघावे. त्याची वसुली रॉयल्टीच्या वहीत शोधायची नसते. जे लोकांच्या पैशातून झाले आणि लोकांना सरळ वापरता येते, ते खुशाल छापून मोकळे करावे. पेटंट तिथेच घ्यावे, जिथे कारखाना टाकल्याशिवाय शोध वापरात येणार नाही आणि हक्काची खात्री असल्याशिवाय कुणी कारखाना टाकणार नाही.

म्हणून माझे सांगणे असे. प्रकाशित अर्जांचे गुण बंद करावेत आणि दिलेल्या परवान्यांना गुण द्यावेत. परदेशी अर्जाचा निर्णय घ्यायला आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत तीस-एकतीस महिने मिळतात; तेवढ्या अवधीत एकही कंपनी बोलायलाही आली नाही, तर संस्थेने परदेशी अर्जाचा नाद सोडावा. मंजूर झालेल्या पेटंटचाही काही वर्षांनी असाच हिशेब व्हावा. पेटंट सोडून देणे म्हणजे नामुष्की, ही समजूत प्राचार्यांच्या डोक्यातून आधी जायला हवी.

आपल्या बातमीदारांनीही पुढच्या वेळी एखाद्या संस्थेने 'शंभर पेटंट' असा फ्लेक्स लावला की तिथे जाऊन विचारावे : यांतली तपासणीला किती गेली, मंजूर किती झाली, परवाना किती जणांनी घेतला आणि बँकेत किती रुपये आले?

आपला,
एक निवृत्त प्राध्यापक (यांत्रिकी अभियांत्रिकी), सांगली