बालेवाडीचा विजेता ‘अनोळखी’ कसा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शांघाय मास्टर्स या टेनिस स्पर्धेच्या पुरुष एकेरीची बातमी काल वाचली. विजेत्या व्हॅलेंटिन व्हाशेरोला तुम्ही मथळ्यातच ‘अनोळखी’ करून टाकलंत. क्रमवारीत २०४वा, पात्रता फेरीतून वर आलेला, उपांत्य फेरीत जोकोविचला सरळ सेटमध्ये आणि अंतिम फेरीत मावसभाऊ रिंडरक्नेशला हरवलं, हे सगळं बातमीत आहे. पण हाच खेळाडू फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या बालेवाडीत चॅलेंजर (मुख्य एटीपी स्पर्धांच्या खालच्या पायरीवरची स्पर्धा) जिंकून गेला, याचा एका ओळीनेही उल्लेख नाही. इतर शहरांतल्या वर्तमानपत्रांचं एक वेळ समजू शकतो. पुण्याच्या वर्तमानपत्राला हे ठाऊक असायलाच हवं होतं.

ती फायनल मी कोर्टाशेजारी बसून पाहिली आहे. समोर ऑस्ट्रेलियाचा ॲडम वॉल्टन होता आणि सामना तीन सेटपर्यंत गेला. व्हाशेरोची सर्व्हिस इतक्या जवळून पाहिली की चेंडू मागच्या कापडावर आदळल्याचा आवाज आधी यायचा, मग लाइनमनची हाक. खुर्च्या बऱ्याच रिकाम्या होत्या, आणि बसलेल्यांत बॉलबॉय पोरांचे आईवडीलच जास्त. दुसऱ्या दिवशी अंक उघडला, तर रांची कसोटीने अख्खं क्रीडापान व्यापलेलं. क्रिकेट मीही आवडीने वाचतो, पण आपल्या गावात झालेल्या फायनलला खाली कोपऱ्यात चार ओळी? त्या दिवशी नीट छापलं असतं, तर आज मथळा चुकला नसता.

शांघायला चौथ्या फेरीत व्हाशेरोने ज्या ग्रीक्सपूरला हरवलं, त्याचं पहिलं एटीपी (पुरुषांच्या व्यावसायिक टेनिसची मुख्य मालिका) विजेतेपदही बालेवाडीतलंच, २०२३ च्या महाराष्ट्र ओपनमधलं. म्हणजे आपल्या कोर्टावर जिंकलेले दोघे तिकडे समोरासमोर आले होते. पुणेकराला सांगण्यासारखी याहून चांगली गोष्ट कोणती होती?

त्याच २०२३ च्या स्पर्धेत पंधरा वर्षांच्या मानस धामणेला वाइल्ड कार्ड (आयोजकांनी दिलेला थेट प्रवेश) मिळालं, तेव्हा तुम्ही त्याचा मोठा फोटो छापला होता. मायकेल मोहकडून तो पहिल्याच फेरीत हरला आणि तुमच्या पानावरून गायब झाला. पुण्यातला मुलगा एकेरीत पुढे कुठे, कुणाशी खेळतोय, हे मला परदेशी संकेतस्थळांवर शोधावं लागतं. दुहेरीत बोपण्णा जिंकला की जागा मिळायची, आणि ती मिळायलाच हवी होती. पण भारतीय टेनिसचं खरं दुखणं एकेरीत आहे आणि एकेरीतली पोरं चॅलेंजरमध्येच घडतात.

आणखी एक. क्रीडापानावर पूर्वी टेनिसच्या निकालांचा बारीक अक्षरातला चौकोन यायचा, त्यात सेटनिहाय गुण असायचे. आता तिथे फ्लॅटची जाहिरात असते. तो चौकोन परत सुरू करावा. आणि बालेवाडीत पुढचं चॅलेंजर होईल तेव्हा पहिल्या फेरीपासून वार्ताहर पाठवावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक टेनिसप्रेमी वाचक, औंध, पुणे