‘नमुना अपुरा’ असं लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमना

डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

पेशंट आणि पॅथॉलॉजिस्ट, म्हणजे शरीरातून काढलेला तुकडा तपासून निदान करणारे डॉक्टर, यांची सहसा भेट होत नाही. तुमच्यापर्यंत पोचते ती फॉर्मॅलिनची (तुकडा टिकवणाऱ्या द्रवाची) छोटी बाटली, तिच्या तळाशी तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा आणि सोबतचा फॉर्म. माझी ओळखही तेवढीच होती: जिभेच्या डाव्या कडेचा व्रण, 3 आठवडे न भरलेला.

पहिला रिपोर्ट वाचून मी तुमच्यावर चिडलो होतो, हे आधी सांगून टाकतो. ‘आहे’ किंवा ‘नाही’ ऐकायला मन घट्ट करून गेलो, आणि हातात आलं ‘नमुना निदानासाठी अपुरा, पुन्हा बायोप्सी करावी’. पुन्हा जिभेत भुलीचं इंजेक्शन, पुन्हा टाके, पुन्हा ती वाट पाहणं. ‘सूज आहे, कॅन्सर दिसत नाही’ एवढं लिहून तुम्ही मोकळ्या झाला असतात, तर मी आनंदाने घरी गेलो असतो. त्या तुकड्यापुरतं ते खरंही ठरलं असतं.

तुम्ही मात्र सर्जनना फोन केलात. तुकडा व्रणाच्या मधोमध घेतला गेला होता, आणि तिथे बहुतेक मेलेल्या पेशी आणि सूजच सापडते. कडेचा द्या, व्रण आणि चांगलं अस्तर जिथे भेटतात तिथला, आणि जरा खोलवरचा, असं तुम्ही सांगितलंत.

दुसऱ्या रिपोर्टनंतर मी तुमच्या दारात येऊन उभा राहिलो. तुम्ही हातातलं काम बाजूला ठेवलंत आणि मायक्रोस्कोपसमोर मला खुर्ची दिलीत. मेणाच्या ठोकळ्यातून काढलेला, जेमतेम 4-5 मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या चार-पाच पट, जाडीचा काप. निळसर जांभळी ती पेशींची केंद्रकं, गुलाबी ते बाकीचं. आधी चांगलं अस्तर दाखवलंत; तळापासून वर पेशी शिस्तीत चपट्या होत गेलेल्या. मग स्लाइड किंचित सरकवलीत. केंद्रकं मोठी, गडद, वेडीवाकडी, आणि अस्तराच्या तळाची हद्द ओलांडून खाली उतरलेले त्यांचे पुंजके. ‘हे हद्दीच्या वर असतं तर डिस्प्लेशिया, म्हणजे कॅन्सरच्या आधीचा बदल, म्हटलं असतं. खाली उतरलंय, म्हणून कॅन्सर,’ तुम्ही म्हणालात. पहिल्या तुकड्यात अस्तरच नव्हतं, मग हद्द कुठून दिसणार? त्या क्षणी माझा सगळा राग उतरला.

ऑपरेशननंतर कापलेल्या भागाच्या चारी कडा आणि तळ तुम्हीच तपासलेत. सगळ्या कडा कॅन्सरपासून मोकळ्या, कॅन्सर आत उतरल्याची खोली 3 मिलिमीटर. कॅन्सर जिथे पसरू शकतो त्या मानेतल्या लसिका गाठींचं काय करायचं, याचा विचार करताना सर्जननी आधी तो आकडा पाहिला.

आता मी नियमित तपासणीला येतो. जिभेचा तो कोपरा थोडा ओढल्यासारखा लागतो, बोलणं मात्र स्वच्छ आहे. मागच्या खेपेला तुमच्या लॅबच्या खिडकीत बाटल्यांचा ट्रे दिसला. प्रत्येकीवर एक नाव होतं. तुम्ही आत मायक्रोस्कोपवर वाकलेल्या होतात, म्हणून हाक मारली नाही.

आपला ऋणी,
एक पेशंट