लॅबमधल्या मामांना

तीर्थस्वरूप मामा,
सा. न. वि. वि.

तुमच्या निरोप समारंभाला यायचं राहिलं, म्हणून चारचौघांत लिहिते.

माझा एम.एस्सी.चा प्रोजेक्ट आठवतो? साबणाचा पापुद्रा फुटला की भोकाची कड किती वेगाने मागे हटते, ते मोजायचं. पहिला आठवडा पापुद्रा टिकेचना. तुम्ही पंखा बंद केलात, पाण्यात थोडं ग्लिसरीन घातलंत. मग टिकला, तर सुई टोचून फुटेना! तुम्ही सुईकडे बघून म्हणालात, "ओली आहे गं. आरपार जाणारच. पुसून घे."

मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये सेकंदाला 240 फ्रेम. मायक्रॉनभर (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड पापुद्र्याची कड सेकंदाला सातेक मीटर धावते, म्हणजे एका फ्रेममध्ये जवळजवळ तीन सेंटीमीटर. माझ्या दहा सेंटीमीटरच्या चौकटीत हाती लागायच्या तीन फ्रेम. तुम्ही कपाटामागून तार काढून हातभर लांब चौकट वळून दिलीत, आणि जाडी मोजायला न्यूटन रिंग्जच्या प्रयोगातला पिवळा सोडियम दिवाही. चौकट आडवी-लांब, पण पापुद्रा उभा धरायचा. पाणी निथळून वरची कड काळी पडली की तिथून खाली दिव्याच्या उजेडात दिसणाऱ्या काळ्या पट्ट्या मोजायच्या; दर पट्टीला जाडी ठरावीक वाढते. पाचवी पट्टी म्हणजे 1.1 मायक्रॉन. त्या पिवळ्या उजेडात आपण दोघंही कावीळ झाल्यासारखे दिसत होतो.

मोजलेला वेग मात्र दरवेळी माझ्या सूत्रातून येणाऱ्या वेगाच्या सत्तर टक्केच. मी खोडरबर काढला. तुम्ही तो उचलून खिशात टाकलात. "आलंय ते लिही. पेनानं."

चूक सूत्रात होती, मामा. पृष्ठताणाची सगळी ऊर्जा वेगात जाते असं मी धरलं होतं. 1867 मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ दुप्रे यांनीही तेच धरलं होतं! मागे हटणारी कड वाटेतलं थांबलेलं पाणी गोळा करत जाते, आणि त्या धडकेत निम्मी ऊर्जा उष्णता होऊन संपते. वेग √2 पटीने उतरतो, म्हणजे साधारण सत्तर टक्के. टेलर आणि क्युलिक या शास्त्रज्ञांनी हे 1959-60 मध्ये मांडलं. खोडलं असतं तर मी त्यांच्यापर्यंत पोचलेच नसते.

चौकट माझ्याकडेच राहिलीय. रजिस्टरात नोंद नव्हती, म्हणून कुणी मागितलीही नाही. दिवाळीत घरी आणून देते. खोडरबर परत नको.

तुमची,
चौथ्या टेबलावरची